मास्तरांच्या कोशातले बोधाचे पान

मित्रांनो, मी एक जुना शब्दकोश आहे. संस्कृत शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ, एवढाच माझा संसार. पण हा संसार इतका जाडजूड आहे की मला उचलणाऱ्याचे आधी मनगट दुखते आणि मग त्याला ज्ञान मिळते, असे आमच्या मास्तरीणबाई म्हणतात. माझे कोपरे झिजून गोल झाले आहेत. पाने चहाच्या रंगाची झाली आहेत. काहींवर खरोखरच चहा सांडलेला आहे. कोणी सांडला ते मला माहीत आहे, पण ते सांगत बसलो तर माझी गोष्ट राहील बाजूला.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. तिथे खिळे जुळवणारे एक पोक्त गृहस्थ होते. शिशाचे एकेक अक्षर ते चिमटीत धरत, डोळ्यांजवळ नेत आणि आपल्या जागी असे बसवत, जणू लहान मुलाला पाळण्यात निजवत आहेत. छापून झालेले माझे कागद बांधणीच्या खोलीत गेले. त्या खोलीला खळीचा आंबूस वास होता. बांधणी करणारे काका शिकाऊ बाईंना म्हणाले, "अहो ताई, ही कादंबरी नव्हे, एकदा वाचली आणि ठेवली फळीवर. हा कोश आहे. हा रोज उघडणार, रोज मिटणार. दोरा दुहेरी घाला." ताईंनी दोरा दुहेरी घातला. त्या दुहेरी दोऱ्याच्या जिवावर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

मला घरी आणले ते एका तरुण मास्तरांनी. शाळेत संस्कृत शिकवण्याची नोकरी त्यांना नुकतीच लागली होती आणि लग्नही नुकतेच झाले होते. कागदात गुंडाळलेला मी त्यांच्या काखेत होतो. नव्या नवरीने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, माझ्यासाठी काय आणलंत एवढं मोठं?"

मास्तरांनी कागद सोडला. नवरीने मला वरून पाहिले, खालून पाहिले, वजन करून पाहिले.

"म्हणजे सवत आणलीत," ती म्हणाली.

त्या दिवसापासून त्या घरात माझे नाव सवत पडले. "माझ्या सवतीला जरा बाजूला घ्या, ताट ठेवायचंय." "सवतीशी गप्पा संपल्या असतील तर दूध आणता का?" मास्तर हसत आणि मला टेबलाच्या या टोकावरून त्या टोकावर सरकवत. मला राग येत नसे. तिच्या बोलण्यात विष नव्हते, फक्त मिरी होती.

मास्तरीणबाईंचे वडील कथेकरी होते. गावोगाव जाऊन देवाच्या आणि भल्या माणसांच्या गोष्टी ते गाऊन सांगायचे. लेकीच्या गळ्यात ते सगळे उतरले होते. भाजी चिरताना, धुणे वाळत घालताना, शिवताना तिचे हात कामाला लागले की गळा आपोआप चालू होई. पण मास्तर वाचत बसले की ते नुसते एक बोट वर करीत, आणि गाणे तिथल्या तिथे थांबे. मास्तर वाईट नव्हते हो. शब्दांत बुडालेल्या माणसाला सूर म्हणजे खिडकीतून येणारा आवाज वाटतो, तेवढेच. आणि मास्तर तर नेहमीच वाचत असत.

आता माझ्या ज्या पानाने मला मान मिळवून दिला, त्याविषयी सांगतो. ते पान 'ब'चे आहे. त्यावर एक छोटासा शब्द आहे: बोध. दोनच अक्षरे, पण त्याखाली अर्थांची अशी रांग आहे की बोट फिरवता फिरवता पानाचा तळ येतो. जाग येणे. फुलाचे उमलणे. जाणीव होणे. ओळखणे. समजणे. ज्ञान. शिकवण. बुद्धी, बुद्ध, बोधी ही सगळी त्याची भावंडे, एकाच धातूच्या पोटची. आणि मागे 'प'मध्ये, प्रबोधन या शब्दापाशी, एक अर्थ असा आहे की तो वाचताना मास्तरांचा आवाज दरवेळी हळू होई: उडून गेलेला सुगंध पुन्हा जागा करणे.

नव्या वर्गाचा पहिला तास मास्तर याच शब्दाने सुरू करीत. मला काखेत मारून वर्गात नेत, टेबलावर उघडत, आणि मुले वह्या सरसावून बसली की म्हणत, "पेनं खाली. अर्थ लिहून घ्यायचा नाही. अर्थ माझ्या कोशात आहे, तो कुठे पळून जात नाही. तुम्ही मला दाखला आणून द्या. उद्या सकाळपर्यंत तुमच्या घरात यातलं काय घडतं ते बघा आणि येऊन सांगा. दाखला नाही तर अर्थ नाही."

मग दुसऱ्या दिवशी काय मजा! एक मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, आजोबांनी तोंडावर पाणी मारलं. बोध झाला." वर्ग खो खो हसला. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "पहिला अर्थ. मान्य. बस." एका मुलीने सांगितले की दूध उतू जाणार हे तिला वासावरून आधीच कळले होते. "मग गॅस बंद केलास?" "नाही सर." "म्हणजे जाणीव झाली, शिकवण बाकी आहे. बस."

मास्तरांची एकुलती एक लेक त्याच शाळेत होती. लहानपणी फार किडकिडीत आणि गोरीपान, म्हणून मास्तर तिला खडू म्हणत. जेवणाच्या टेबलापर्यंत तिचे हात पोहोचत नसत, तेव्हा मास्तरीणबाई खुर्चीवर मला ठेवत आणि माझ्यावर तिला. (चहा तिनेच सांडला होता. निघालेच शेवटी तोंडातून.) ती मास्तरांच्या वर्गात आली, तेव्हा तिलाही दाखला आणावा लागला. ती उभी राहिली आणि म्हणाली, "काल आई स्वयंपाकघरात रडत होती. तिने सांगितलं कांदा चिरतेय. पण कांदा टोपलीतच होता. मला कळलं."

वर्गात कोणी हसले नाही. मास्तरांनी माझे पान हळूच मिटले आणि म्हणाले, "बस, खडू." त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन वाचन केले नाही. स्वयंपाकघरात जाऊन, कधी नव्हे ते, चिरायला बसले. कांदे असे काही चिरले की त्यांचे आमटीत घालण्यासारखे काही उरले नाही, पण मास्तरीणबाईंच्या वडिलांची तब्येत बरी नाही हे त्यांना त्या दिवशी कळले.

ते दिवस आठवले की माझी पाने अजून आपोआप सुटतात. शाळेच्या ओट्यावर मला उचलून नेण्यासाठी मुलांची भांडणे होत. परीक्षेच्या आधी घरात पोरांचा गराडा पडे. कोणी माझ्यात मोरपीस ठेवी, कोणी बसचे तिकीट, आणि एकीने तर चक्क वरणाचा डाग ठेवला. मी शब्दांनी भरलेला होतो आणि माणसे माझ्याकडे येत होती. याहून जास्त एखाद्या पुस्तकाला काय लागते?

पुढे दिवस बदलले. लोकांच्या खिशात फोन आले आणि फोनमध्ये कोश आले. मास्तर निवृत्त झाले. एखादा जुना विद्यार्थी भेटायला येई, माझ्याकडे बघून म्हणे, "सर, अजून आहे का हा?" जसे एखाद्या म्हाताऱ्या काकांविषयी विचारावे. मास्तर म्हणत, "आहे ना. आम्ही दोघंही आहोत." खडू मोठी झाली, वडिलांच्याच वाटेने गेली, भाषा शिकली आणि शिकवू लागली. मग दूरच्या एका शहरातल्या कॉलेजने तिला बोलावले. मनासारखे काम, मनासारखा विषय. मास्तरांनी ती बातमी ऐकली आणि आनंदाने मलाच थोपटले. लेकीला थोपटायला जरा लाजत असत ते.

आणि तिच्या जाण्याची तयारी चालू असतानाच ती सकाळ आली.

मास्तर नेहमीप्रमाणे माझ्यापुढे बसले होते. त्यांचा उजवा हात माझ्या पानावर होता. तो हात एकदम जड झाला. मला वाटले ते विचार करीत आहेत. मग त्यांचे डोकेच माझ्यावर आले. मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या आणि त्यांच्या हातातून कपबशी पडली.

दवाखान्यातून मास्तर घरी आले तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता, आणि बोलणे गेले होते. सगळेच्या सगळे. उभा जन्म शब्दांत घालवलेल्या माणसाच्या तोंडी आता एकच आवाज उरला होता: "त... त... त..." पाणी हवे, तरी त. उशी सरकली, तरी त. डॉक्टर म्हणाले, "वाचा कधी येईल सांगता येत नाही. ह्यांना कळतं किती, तेही आज सांगता येत नाही. वाट बघायची."

वाट बघणे हे मात्र माणसांना फार जड जाते, मित्रांनो. शेजारच्या मावशी आल्या. मास्तरांच्या कानाशी वाकून, जणू ते नदीच्या पलीकडे उभे आहेत अशा आवाजात ओरडल्या, "ओऽळ-ख-लं-त-का-मऽला?"

मास्तर दचकले.

"बघा, ओळखलं नाही," मावशी सुस्कारा टाकून म्हणाल्या.

"मावशी, त्यांचे कान चांगले आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो का?" मावशी आणखी मोठ्याने म्हणाल्या, "बऽरं-वाऽट-तं-का?"

खडूने कॉलेजकडे मुदत मागून घेतली आणि वडिलांपाशी बसली. तिने काय करावे? ती त्याच घरातली लेक. त्या घरात कुठलीही अडचण आली की कोश उघडत. तिने मलाच उघडले आणि 'अ'पासून वडिलांना शब्द शिकवायला सुरुवात केली.

"बाबा, म्हणा. अंकुर."

"त..."

"अं-कु-र. माझ्या ओठांकडे बघा ना बाबा. अं..."

"त... त..."

"बरं, राहू द्या. अंग. हे तर सोपं आहे."

रोज सकाळी ही शाळा भरे. ती मनापासून शिकवत होती, प्रेमाने शिकवत होती, आणि मास्तर रोज थोडे थोडे भिंतीकडे वळत होते. हजारो मुलांना ज्यांनी शब्द दिले, त्यांनाच आता लेकीपुढे नापास व्हावे लागत होते. तिला वाटे, बाबांचे लक्ष लागत नाही, म्हणजे कळत नाही. मास्तरीणबाईंनी तर घरात आवाजच बंद केला. आजारी माणसाला शांतता हवी म्हणून भांडी हलक्या हाताने ठेवायची, दार हळू लावायचे, आणि गाणे तर नाहीच. पूर्वी मास्तरांचे बोट वर गेले की गाणे थांबत असे. आता बोट वर न जाताच थांबले होते.

पण मला ठाऊक होते. घरात फक्त मलाच ठाऊक होते. दुपारी सगळ्यांचा डोळा लागला की मास्तर डाव्या हाताने मला ओढून घेत. लहान मुलासारखी पाने चुकत माकत उलटत. क, त, प. आणि 'ब'ला येऊन थांबत. बरोबर त्याच पानावर, त्याच शब्दाखाली त्यांचे बोट टेके. ओठ हलत. "त." ते डोळे मिटत. मग मागे 'प'कडे जाऊन प्रबोधनापाशी येत आणि तिथे बोट बराच वेळ ठेवीत.

आम्ही दोघे असे समोरासमोर बसत असू. त्यांच्या पोटात सगळे शब्द होते, माझ्याही होते. त्यांच्या तोंडून एक निघत नव्हता, माझ्याही कधी निघाला नव्हता. फरक एवढाच की मला कोणी "ह्याला काही कळत नाही" असे म्हणत नव्हते.

मग एके दिवशी जेवणे चालली असताना कॉलेजमधून फोन आला. खडू बोलून आली आणि ताटावर बसत म्हणाली, "आई, त्यांना आता थांबता येणार नाही. उद्या दुपारपर्यंत सांगायचंय. मी नाही म्हणून कळवते."

"अगं, एवढी चांगली जागा."

"आणि तुला एकटीला सोडून जाऊ? बाबांना उठवणं, बसवणं, तू करशील?"

"करेन. आणि जरा हळू बोल. समोर आहेत ते."

खडूने मास्तरांकडे पाहिले. तिचे डोळे भरून आले. "आई," ती म्हणाली, "त्यांना काय कळतंय गं आता?"

मित्रांनो, मी टेबलाच्या कडेला होतो. मास्तरांचा डावा हात उठला. तो माझ्यावर इतक्या जोरात आला की मी टेबलावरून घसरलो, हवेत उघडलो आणि पाठीवर आदळलो. बांधणीच्या ताईंचा तो दुहेरी दोरा, इतकी वर्षे टिकलेला, त्या क्षणी तुटला. माझी पाठ मधोमध उसवली.

"त! त! त!" मास्तर ओरडत होते. चेहरा लालबुंद झाला होता.

खडू घाबरली. "बघितलंस? राग येतो त्यांना कोशाचा. रोज शिकवायला बसते ना मी. माझंच चुकलं, त्यांना त्रास होतोय." तिने मला गोळा केले, सुटलेली पाने कशीबशी आत सारली आणि कपाटावर, त्यांच्या नजरेआड ठेवून दिले. मास्तर माझ्या दिशेने हात करीत राहिले. ती म्हणाली, "नाही बाबा, आता नाही शिकवणार हं. निजा तुम्ही."

कपाटावर धूळ होती, एक रिकामी बॅग होती आणि मी होतो. तिथून खोली दिसे. मला माझ्या पाठीचे दुःख नव्हते. उद्या दुपारी ती नाही म्हणून सांगणार, आणि हे मास्तरांना पुरते समजले आहे, आणि त्यांना ते कुणाला सांगता येत नाही, याचे दुःख होते. मी एवढा मोठा कोश, माझ्यात असहाय हा शब्दसुद्धा आहे, अर्थासकट. पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सकाळी खोलीत ऊन आले. मास्तरीणबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला खाली काढले. "ये बाई सवती," त्या पुटपुटल्या, "तुला असं टाकून त्यांना चैन पडायचं नाही." मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांच्या शेजारी बसून बाईंनी मला मांडीवर घेतले, जाड सुई काढली, दोरा ओवला आणि माझी पाठ शिवायला सुरुवात केली.

मी मघाशी सांगितले ना, बाईंचे हात कामाला लागले की गळा आपोआप चालू होई? किती दिवस त्यांनी तो आवरून धरला होता. पण सुई आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली, आणि त्यांना कळायच्या आत गाणे सुटले. वडिलांच्या कथेतले सकाळचे गाणे.

*ऊन आलं उंबऱ्याशी, पाखरांची बडबड,*
*किती निजशील वेड्या जीवा, आता डोळे...*

इथे दोरा संपला. तो तोडण्यासाठी बाईंनी दातात धरला. गाणे अर्धे राहिले.

"उघड," मास्तर म्हणाले.

सुरात म्हणाले. नेमक्या त्या सुरात, नेमक्या त्या मात्रेवर. खर्जातला, गंजलेला, पण शब्द. पुरता शब्द.

बाईंच्या तोंडात दोरा तसाच राहिला. त्यांनी मान वळवायचेसुद्धा धाडस केले नाही, जणू पाखरू उडून जाईल. त्यांचे वडील कथा सांगताना असेच करायचे: ओळीतला शेवटचा शब्द गिळून श्रोत्यांकडे हात करायचे, आणि सगळी बैठक तो शब्द भरून द्यायची. बाईंना ते आठवले असावे. त्यांनी पुढची ओळ धरली.

*दारी देव उभा कधीचा, जिना चढून...*

"अवघड," मास्तर.

*कडी आतून तूच लावलीस, आतून तूच...*

"उघड."

"अगं ए!" बाई ओरडल्या. सुई माझ्या पाठीत तशीच लोंबकळत राहिली. "अगं धाव! लवकर ये!"

खडू धावत आली. तिच्या हातात फोन होता. मुदत टळायच्या आत कॉलेजला कळवून टाकावे म्हणून ती नंबर काढीत होती.

"बोलले," बाई म्हणाल्या. "हे बोलले. म्हणजे गायले."

"बाबा?" खडू त्यांच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. "बाबा, बोला! माझं नाव सांगा. सांगा ना, मी कोण?"

"त..." मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. "त... त..."

"झालं, लागली परीक्षा घ्यायला!" बाई तिच्यावर उखडल्या. "सोड ती शाळा. गा."

"मी? मला कुठे येतं गायला? शाळेच्या गाण्यातसुद्धा बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या."

"देव सूर बघत नाही, बापही बघत नाही. गा म्हणते ना."

आणि मित्रांनो, खडू गायली. गाणे असे म्हणणे धाडसाचे आहे. खिडकीवरचे पाखरू उठून गेले. पण चाल तीच होती, आणि शब्द तिला जे सुचले ते होते.

*सांगा बाबा, तुमच्यापाशी राहू का मी, की...*

ती थांबली. मास्तर तिच्याकडे बघत होते. त्यांनी डावा हात उचलला, लेकीच्या डोक्यावर ठेवला, आणि त्याच चालीत, एकेक अक्षर विहिरीतून पाणी शेंदावे तसे वर काढत म्हणाले,

"जा. जा तू. जा."

मग तोच हात त्यांनी दाराकडे केला, म्हणजे चूक व्हायला नको.

खडूला हुंदका आवरेना. "म्हणजे काल... काल मी आईशी बोलत होते ते... तुम्ही सगळं ऐकलंत?"

मास्तरांनी मान हलवली.

"रोज? मी शिकवत होते तेव्हाही?"

मास्तरांनी पुन्हा मान हलवली. आणि मग, सांगतो, ते हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले.

"आई, मी काय काय बोलले गं त्यांच्यासमोर!" खडूने तोंड झाकून घेतले. "मला वाटलं, ते कुठेतरी आत झोपलेत आणि मी त्यांना उठवतेय."

"हे जागेच होते, बाळा," मास्तरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "झोपलो होतो आपण."

मी बाईंच्या मांडीवर अर्धा शिवलेला पडलो होतो, आणि माझ्या अंगावर काटा आला. पुस्तकाच्या अंगावर काटा येतो का, असे विचारू नका, आला. माझ्या त्या पानावर 'जाग येणे' हा अर्थ सगळ्यात वर आहे आणि 'ज्ञान' फार खाली. मला वाटत असे, छापणाऱ्यांनी सोयीने ठेवले असेल. त्या सकाळी मला कळले की रांग चुकलेली नाही. आधी जाग, मग उमलणे, मग समोरच्याला ओळखणे. हे सगळे झाल्यावर खाली कुठेतरी ज्ञान. खडूला सगळे अर्थ पाठ होते, माझ्यात तर ते छापलेलेच होते. बोध मात्र आम्हाला त्या माणसाने दिला, ज्याला एक वाक्य बोलता येत नव्हते.

खडूने तिथेच बसून फोन लावला. आवाज रडून घोगरा झालेला. "हो, मीच बोलतेय. येतेय मी." पलीकडून काहीतरी विचारले असावे. "नाही नाही, सर्दी नाही. घरी गाणं चाललं होतं."

डॉक्टरांना सांगितले तेव्हा त्यांना फारसे नवल वाटले नाही. ते म्हणाले की काही जणांचे असे होते. बोलण्याची वाट बंद पडली तरी गाण्याची वाट उघडी असते. तेव्हा गात राहा. मास्तरीणबाईंना तर डॉक्टरांनी गोळीऐवजी खडीसाखर लिहून दिल्यासारखे झाले. खडू गेली, आणि घरात जे गाणे सुरू झाले ते थांबलेलेच नाही. मास्तर चालीवर पाणी मागतात. चालीवर पेपर मागतात. जेवताना एकदा त्यांनी मोठ्या कष्टाने, सुरात, "मीठ... कमी" असे गायले. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जन्मभर माझं गाणं बंद केलंत. आता मीठ हवं तर दोन ओळी आणखी गा."

आणि ते गायले.

संध्याकाळी खडूचा फोन येतो. तिच्या खोलीशेजारी राहणाऱ्या बाई म्हणे तिला विचारतात, तुम्ही रोज फोनवर एवढं भेसूर काय गाता? ती सांगते, वडिलांशी बोलते. हळूहळू मास्तरांचे काही शब्द चालीवाचूनही येऊ लागले आहेत. थोडेच. काही परत येतील, काही कदाचित येणार नाहीत. देवाच्या मनात असेल तसे.

मित्रांनो, आता माझे मागणे. पुस्तकांची पाने थुंकी लावून उलटू नका, पुस्तकाच्या पोटात वरण ठेवू नका, आणि कोणी पाठ उसवलेला दिसला तर त्याला रद्दीत टाकण्याआधी सुईदोरा शोधा, हे तर मी सांगेनच. जुन्या पुस्तकाने एवढे सांगायचेच असते. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरात कोणी असे असेल, ज्याला बोलता येत नाही, किंवा फार हळू बोलता येते, किंवा जो बोलायला लागला की तुम्हाला घड्याळाकडे बघावेसे वाटते, तर त्याच्यासमोर बसून त्याच्याविषयी बोलू नका. त्याच्याशी बोला. आणि बोलून झाले की गप्प बसा. त्याला वेळ द्या. त्याच्या आत सगळे आहे, कुठेही गेलेले नाही. बाहेर यायला वाट तेवढी हवी आहे, आणि ती वाट कुठल्या बाजूने उघडेल हे तुम्हाला आधी कळणार नाही.

आता दुपार आहे. मास्तरांनी मला ओढून घेतले आहे. डाव्या हाताने पाने उलटत ते एका शब्दापाशी आले आहेत. कुठला तो मी सांगत नाही. त्यांना स्वतःला म्हणू द्या. बोट थांबले आहे, ओठ हलत आहेत, सूर अजून लागायचा आहे. मी पान उघडे धरून बसलो आहे. मला घाई नाही.